लोणी लावलेली बाटली

ब्रॅम्प्टन
रविवार, २ नोव्हेंबर

युजीन,

सगळ्यांत आधी आली ती रतन भगती. नवरा अजून रस्त्यावर गाडी कुठे लावू म्हणून फिरत होता, आणि ही बाई आपली ड्राइव्हवेवरून चालत येऊन दारात उभी. बेल नाही, हाक नाही. फ्रेडीची रोझलिन वरच्या खिडकीतून बघून मला म्हणते, आई, खाली टोपीवाली कोणी बाई उभी आहे, काहीतरी विकायला आली असेल, उघडू नका. मी म्हटलं, विकणारी बाई एवढी गप्प उभी राहील होय? उघडलं तर हात जोडून हसली. अंगावर आपल्यासारखाच विंटरचा जाड कोट, आणि डोक्यावर ती गोल टोपी, हिरव्या मखमलीच्या पट्टीची.

टोपी बघितली आणि मी ओळखलं. तसलीच टोपी मे महिन्यात माझ्या डोक्यावर चढवली होती. तुझी लेक केझिया राहते त्या हिमालयातल्या खोऱ्यातली माणसं.

आता पत्र खाली ठेवू नकोस. मी तिकडे जाणार हे तुला सांगून गेले होते. तू म्हणालास, गेलीस तर मला फोन करू नकोस. मी गेले. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून मी आता करत नाही, लिहिते. फ्रेडीचा ट्रक दर आठवड्याला तुझ्या विंडसरवरूनच डेट्रॉइटला जातो, तो तुझ्या डब्यात टाकील. बेल वाजवायची नाही अशी मी त्याला ताकीद दिली आहे. सख्ख्या भावाच्या दारात पत्र टाकून पळायचं, पोस्टमनसुद्धा जरा थांबतो, असं तो म्हणाला. म्हणू दे.

तर मागून नवरा आला, अमीचंद नेगी. पदमचा सख्खा काका. पदम म्हणजे केझियाने पसंत केलेला तो शाळेत शिकवणारा मुलगा, सफरचंदाची बाग आहे त्याची, ज्याचा फोटो तू बघितला नाहीस तो. हे काका-काकू किती वर्षं ब्रॅम्प्टनातच राहतात, दोन सिग्नल सोडून, आणि आम्हाला पत्ता नाही. तो बस चालवतो. फ्रेडीचा ऍलन कॉलेजला त्याच बसने जातो म्हणे. ऍलन म्हणाला, येस, आय नो हिम, ही वेट्स फॉर पीपल. धावत येणाऱ्यासाठी थांबतो असं त्याला म्हणायचं होतं. मला बरं वाटलं.

मी तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या आणि सुकटाची चटणी. रोझलिन म्हणत होती, डोंगरातली माणसं आहेत, त्यांना वास नाही सहन होणार, सगळं घर एअर आउट करावं लागेल. रतन भगतीने दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि चटणी परत मागितली.

जेवायच्या आधी अमीचंदने पिशवीतून एक बाटली काढली. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली. गावची आहे, जर्दाळूची, घरी काढलेली. ती त्याने दोन्ही हातांनी माझ्यासमोर टेबलावर ठेवली, त्यांच्या बोलीत काहीतरी पुटपुटला आणि खाली मान घालून बसला. फ्रेडीकडे दिली नाही, मला दिली, घरात मोठी म्हणून. बाटलीच्या गळ्याला लोणी लागलेलं. मी म्हटलं, प्रवासात कुठे लागलं असेल, किचन पेपर घेतला आणि स्वच्छ पुसून काढलं.

आणि आपली रीत तुला ठाऊक आहे. पाहुण्याने आणलेली बाटली पाहुण्यासमोर उघडली नाही तर तो म्हणतो, माझी ह्यांना पसंत नाही, मी गेल्यावर मोरीत ओततील. तुझे पपा तर पाहुण्याला खुर्चीवर टेकूसुद्धा देत नसत, आधी ग्लास. म्हणून मी फ्रेडीला छोटे ग्लास काढायला लावले, क्रुसाची खूण केली, आणि सगळ्यांनी घोट घोट घेतला. चांगली होती. घशातून सरळ गुडघ्यात गेली.

तर ती रतन भगती रडायला लागली. मला गच्च मिठी मारली. अमीचंद बाटली ठेवल्यापासून एक शब्द बोलत नव्हता, तो फ्रेडीच्या गळ्यात पडून हसायला लागला. मी म्हटलं, काय कडक आहे बाई ही दारू, एका घोटात माणसं बदलली.

जाताना म्हणाले, आता लवकरच परत येऊ. दिवस काही सांगितला नाही.

आज मेलेल्यांचा सण. चर्चमध्ये मिस्साला तुझ्या पपांचं नाव दिलं होतं. शेरिलला सांग, सासू म्हणते थंडीत कानाला बांधत जा. तू विंटर टायर लावलेस का?

तुझी आई


गुरुवार, ६ नोव्हेंबर

युजीन,

पहिलं पत्र तुला मिळालं असेल. मी ते खुशीत लिहिलं होतं. आता हे वाच, आणि बसून वाच.

काल रतन भगतीचा फोन आला. हिंदीत बोलते, पण हळू बोलते, म्हणून मला सगळं समजतं. म्हणाली, दादी, गावाला निरोप पोचला, सगळे खूश आहेत, पदमच्या आईने देवाला सांगितलं आणि आळीला जेवण घातलं. मी म्हटलं, वा वा, कसलं जेवण? ती म्हणाली, मुलगी दिलीत त्याचं.

माझ्या हातात झारा होता, तो तसाच राहिला.

मग हळूहळू तिच्याकडून काढून घेतलं. त्यांच्याकडे मुलाची माणसं मागणी घालायला जातात ती बाटली घेऊन. मुलाचा बाप नसेल तर काका जातो. बाटलीच्या गळ्याला लोणी लावतात, शकुन म्हणून. ती मुलीच्या माणसांसमोर ठेवायची आणि तोंडाने काही मागायचं नाही, गप्प बसायचं. मुलीकडचे विचार करतात, वेळ घेतात. द्यायची नसेल तर बाटली तशीच परत जाते, कोणी कोणाला वाईट बोलत नाही. आणि उघडली की मुलगी दिली.

मी विचारही केला नाही, वेळही घेतला नाही. मी त्यांचा शकुन किचन पेपरने पुसून कचऱ्यात टाकला आणि फ्रेडीला ग्लास आण म्हटलं. आणि त्यांनी काय समजावं? त्यांनी समजलं, केवढी मोठ्या मनाची आजी, एक क्षण थांबली नाही.

फ्रेडी हसून हसून सोफ्यावर पडला. म्हणतो, आई, कॅनडात नातीचं लग्न जमवलंस, तेही चकण्याशिवाय. मी त्याला झाऱ्यानेच मारणार होते. मला हसू येत नव्हतं. मला तुझा चेहरा दिसत होता.

केझियाचा फोन आला तो तर विचारू नकोस. त्या खोऱ्यात फोन लागत नाही. वरच्या धारेवर एक मोठा खडक आहे, तिथे चढून गेलं की लागतो. ती धावत चढली असणार, धाप लागलेली ऐकू येत होती. म्हणाली, आजी, यू ओपन्ड इट? मी म्हटलं, हो ग बाई, उघडली. तर ओरडली, "आणि डॅडला कोणी विचारलं?"

तिने काका-काकूंना एवढंच सांगितलं होतं की आजीला भेटून या, चहा प्या. तुझं दार उघडणार नाही म्हणून माझा पत्ता दिला. बाटलीचं तिला माहीतच नव्हतं, ते अमीचंदने मोठेपणाने आपल्या मनाने केलं. पोरगी फोनवर रडत होती, युजीन. लग्न ठरलं म्हणून खूश व्हायचं सोडून रडत होती, की डॅड आता कधीच बोलणार नाही, त्याला वाटेल मीच हे सगळं घडवून आणलं.

तिने नाही घडवलं. मी उघडली. हे तुला माझ्याकडून आधी कळावं म्हणून लिहिते आहे. रोझलिन म्हणत होती, आत्ता बोलू नका, नाताळ होऊ दे. पण अशी गोष्ट बापाला दुसऱ्याकडून कळली तर ती जन्मभर सलते.

मी रतन भगतीला सांगून टाकलं की मुलीच्या बापाला अजून विचारलेलंच नाही. ती एवढंच म्हणाली, मी ह्यांना सांगते. पुढे काही नाही. आता तिकडे त्या पदमच्या आईचं काय होणार? साऱ्या आळीला जेवण घालून बसली आहे. आता नाही म्हटलं तर ती त्या गावात तोंड कसं दाखवणार? आणि हो म्हटलं तर मी तुझ्याशिवाय हो म्हणणारी कोण?

काल जेवण गेलं नाही. रोझरीची माळ घेऊन बसले तर तिसऱ्या रहस्यावरच घोटाळत राहिले, पुढे जाईना.

शेरिलला तरी फोन करायला सांग.

आई


गुरुवार, १३ नोव्हेंबर

युजीन,

शेरिलचा फोन आला होता. तू कामावर गेल्यावर केला, तिच्यावर चिडू नकोस. म्हणाली, दुसरं पत्र तू वाचलंस, ड्रॉवरमध्ये ठेवलंस आणि जेवला नाहीस. आणि म्हणालास, तिला हवं त्याच्याशी लग्न करू दे, मला मुलगी नाही. ते तू बोललास असं मी धरत नाही. बारा तास गाड्यांचे दरवाजे बसवून माणूस घरी येतो तेव्हा तोंडातून काहीही निघतं.

इथे पहिला बर्फ पडला. ऍलन शोव्हल करतो म्हणाला आणि अर्धा ड्राइव्हवे करून मोबाइल बघत उभा राहिला. मी खिडकी वाजवली, तर मला थम्स अप दाखवतो. असो.

मी तिकडून आले तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले, फुलं बघितली, बर्फाचे डोंगर बघितले, काय हवा, काय पाणी. चर्चमधल्या बायकांना फोटो दाखवून दाखवून ऍलनच्या फोनची बॅटरी संपवली. तू ते कोणाकडून तरी ऐकलं असशील आणि म्हणाला असशील, म्हातारी पिकनिकला जाऊन आली. आज सगळं लिहिते. चांगलं पण आणि दुसरं पण.

केझिया मला न्यायला चंदीगडला आली होती. तिथून गाडी. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी रस्ता कड्यात कोरलेला, एका बाजूला डोंगर आपल्या डोक्यावर वाकलेला, दुसऱ्या बाजूला खाली नदी, एवढी खाली की तिचा आवाज येत नव्हता. एका ठिकाणी दगड पडले होते. रस्ता मोकळा होईपर्यंत ड्रायव्हर खाली उतरून विडी ओढत उभा राहिला, जसं काही रेल्वेचं फाटक पडलं आहे. मी डोळे मिटून घेतले आणि तुझ्या लेकीचा हात धरला. तिचा हात गरम होता. माझा बर्फ. तिला सवय झाली आहे. त्याचीच मला भीती वाटली.

मग पूल लागतो. पुलाच्या पुढे गाडी थोडीच जाते, नंतर चालायचं. आणि तिथे, युजीन, सगळं गप्प होतं. मला वाटलं माझे कान गेले. हॉर्न नाही, रेडिओ नाही, कुत्रंसुद्धा विचार करून भुंकतं. घरं लाकडाची आणि दगडाची, एकावर एक रचल्यासारखी, आणि खाली सफरचंदाची झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली. बायका चालता चालता विणतात. पाठीवर लाकडं, हातात सुया, तोंडाने गप्पा, पण हळू. तिथे मोठ्याने बोललं की नदीच्या पलीकडच्या गावाला ऐकू जातं, म्हणून भांडायचं तेसुद्धा दबक्या आवाजात. मी आपली वाडीत वाढलेली बाई, विहिरीवरून हाक मारली तर चर्चपर्यंत जायची. मी पहिल्याच दिवशी केझियाला हाक मारली तर तीन घरांतली माणसं बाहेर आली.

आणि आपली केझिया, जिला लहानपणी फादरनी मिस्सामधून दोनदा बाहेर पाठवलं होतं, ती तिथे हळू बोलते. मुलांना ओढ्याचं पाणी मोजायला शिकवते. वॉटर्लूच्या युनिव्हर्सिटीत तू ज्यासाठी तिला घातलंस तेच काम करते, फक्त इथे ऑफिसात बसून करायच्या ऐवजी ओढ्यात उभी राहून करते. पदम तिच्या मागे पट्टी धरून उभा. फार बोलत नाही तो. माझे गुडघे दुखतात हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी जिन्याला एक आडवी काठी बांधलेली, धरून चढायला.

त्याची आई सूरज भगती, तिकडे पुष्कळ बायकांच्या नावापुढे भगती लावतात. तिने पहिल्या दिवशी मला चहा दिला, लोणी आणि मीठ घातलेला. मी साखर मागितली. तिने साखर आणून दिली, मी ती त्याच चहात घातली, आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. मग तिने तो चहा काढून घेतला आणि नुसतं गरम पाणी दिलं. रोज माझ्या गुडघ्यांना जर्दाळूच्या बियांचं तेल चोळायची. तिची हिंदी माझ्यासारखीच मोडकी, त्यामुळे आमचं छान जमलं.

रविवार आला. तिथे चर्च कुठलं. त्यांचा देव लाकडी देवळात असतो, आणि काही विचारायचं झालं तर त्याला पालखीत घेऊन थेट विचारतात, पालखी झुकली तर हो. आपल्याकडे फादरना विचारायचं तरी अपॉइंटमेंट लागते. मी माळ घेऊन कुठे बसू म्हणून बघत होते. सूरज भगतीने झाडाखाली सतरंजी घातली, मला बसवलं आणि माझं होईपर्यंत लांब दगडावर विणत बसली. बकऱ्या आल्या त्या हाकलल्या, शेजारीण बोलायला आली तिलाही हाकललं. मग मला म्हणाली, "दादी, हमारे यहाँ इतवार नहीं होता. बच्ची का इतवार मैं याद रखूँगी." केझिया सांगते, तेव्हापासून दर रविवारी तिच्यासाठी सतरंजी घातलेली असते. इथे असताना तुम्ही तिला ओढून नेत होता.

हे चांगलं झालं. आता दुसरं.

तिथे डॉक्टर नाही. नर्सबाई आहे, ती खालच्या गावात. हॉस्पिटल पुलापलीकडून गाडीने तीन तास, तेही रस्ता मोकळा असला तर. हिवाळ्यात बर्फ पडला की मधले कितीतरी दिवस रस्ता बंद. पदमचा बाप असाच गेला. छातीत दुखायला लागलं, चार माणसांनी खाटेवर उचलून नेलं, पुलापर्यंतच पोचले. सूरज भगतीने मला ते सांगितलं, लपवलं नाही. तिला वाटलं, मुलीकडच्यांना हे ठाऊक असलं पाहिजे.

मी तिला विचारलं, मग तू इथे कशी राहतेस बाई? ती मला घरामागे घेऊन गेली आणि लाकडं दाखवली, छपरापर्यंत रचलेली, पुढच्या हिवाळ्याची. मग आत कोठीत पीठ, सुकवलेली जर्दाळू, तूप. म्हणाली, केझियाचं धरून आहे. म्हणजे तिने तेव्हाच माझ्या नातीला हिशेबात धरलं होतं, आणि मी गुडघे चोळून घेत बसले होते.

मला भीती वाटते, युजीन. आज पण वाटते. उद्या पोरीला दिवस गेले, काही अडलं, तर? मी रात्री नाही, दिवसाढवळ्या भाजी चिरताना हा विचार करते. आणि तरीही ती तिथे जशी हसते तशी मी तिला इथे बघितलेली नाही. ही दोन्ही मी एका पत्रात लिहिली. ह्यातलं एक गाळून लिहिलं असतं तर तुला राग यायला सोपं गेलं असतं.

तुझं दुःख मला ठाऊक आहे. तू गल्फमध्ये होतास तेव्हा ही जन्मली, आणि पहिल्यांदा तुझ्याकडे आली तेव्हा तुला अंकल म्हणाली. मग तू सगळं इथे आणलंस, कुठे कमी पडू दिलं नाहीस, आणि ती एवढं शिकून मागे गेली, आपल्या वसईच्याही मागे. ज्या रस्त्याने तू रक्त आटवून आलास त्याच रस्त्याने ती उलटी गेली. कोणाही बापाला लागेल. मी तुला शहाणपण शिकवत नाही. मला फक्त कळत नाही की आता त्या माणसांना मी काय सांगू. अमीचंदचा फोन नाही, तुझा नाही. मी आपली दोन्हीकडे कान लावून बसले आहे.

आई


सोमवार, २४ नोव्हेंबर

युजीन,

तू शनिवारी फोन केलास आणि मी हॅलोच्या ऐवजी कोण मेलं असं विचारलं, त्याबद्दल रागावू नकोस. सहा महिन्यांनी मुलाचा फोन वाजला तर म्हाताऱ्या बाईच्या मनात दुसरं काय येणार.

शेरिलने मला नंतर सांगितलं, तिसरं पत्र तू गॅरेजमध्ये गाडीत बसून वाचलंस. गॅरेजचा दिवा आपोआप बंद होतो, तो बंद झाला तरी तू बसून होतास. मग आत येऊन फ्रेडीला फोन लावलास आणि विचारलंस, तीन तास म्हणजे बर्फ नसताना ना? फ्रेडीने मला काही सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर दिसतं त्याच्या, त्याच्या पोटात काही राहत नाही.

आणि मला तू काय विचारलंस, तर, "आई, सगळी चांगलं चांगलं लिहितात, तू तो रस्ता कशाला लिहिलास?" मी म्हटलं, तू तिचा बाप आहेस म्हणून. मग म्हणालास, "त्यांना सांग, विचारायचं असेल तर माझ्या दारात येऊन विचारा." आणि फोन ठेवलास. मी पुढे बोलणार होते, कधी, किती वाजता, जेवायला काय. तू ठेवलास, आणि परत लावला तर शेरिल म्हणाली तू बाहेर टायर बदलायला गेलास. म्हणून हे पत्र.

मी लगेच अमीचंदला फोन केला. मनात म्हटलं, हा माणूस आता अपमान झाला म्हणून काय बोलेल. तो म्हणाला, दादी, मी शनिवारपर्यंत वाट बघायची ठरवली होती, रविवारी तुमच्याकडे येऊन माफी मागणार होतो. माझीच चूक झाली. आमच्याकडे घरात जो मोठा असतो त्याच्यासमोर ठेवतात, तुमच्या घरात सगळ्यांत मोठ्या तुम्ही दिसलात, मी पुढचं विचारलं नाही. मी म्हटलं, आणि मी पुसलं ते? तो म्हणाला, ते मी बघितलं, आणि मला वाटलं तुमच्या धर्मात तसं असेल. हसत होता बिचारा.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या सूरज भगतीला हे कळलं तेव्हा तिने काय केलं माहीत आहे? ज्या ज्या घराला जेवण घातलं होतं त्या प्रत्येक घरात गेली, स्वतः, आणि सांगून आली की लग्न ठरलेलं नाही, माझ्याकडून घाई झाली, मुलीच्या बापाला विचारायचं राहिलं आहे. त्या गावात अशी गोष्ट सांगायला जाणं म्हणजे काय ते तू समज. केझिया म्हणाली, आजी, मी तिच्याबरोबर जाते म्हटलं तर तिने मला घरी बसवलं. म्हणाली, तुझं तोंड का खाली व्हावं.

म्हणजे आता तू मोकळा आहेस. माझ्या उघडण्याने काही झालेलं नाही. हो म्हण, नाही म्हण, दोन्हीला जागा आहे. नाही म्हणालास तर ते उठून जातील आणि तुला शिव्या देणार नाहीत, ही त्यांची रीत आहे, मी विचारून घेतलं. मग केझिया काय करील ते मला माहीत नाही, आणि तिलाही माहीत नाही. मी तिला विचारलं तर म्हणाली, "आजी, आय जस्ट वाँट हिम टु बी आस्क्ड." एवढंच. हे मी तिच्याच शब्दांत लिहिलं, माझं काही घातलं नाही.

आता ते येतील तेव्हाचं नीट वाच. ते बेल वाजवत नाहीत. दारात उभे राहतात, घरातल्या माणसाने आपणहून बघेपर्यंत. तुमच्या विंडसरला नदीवरून वारा येतो, तर तू समोरच्या खोलीत बस, टीव्ही बंद करून बस. टेबलावर जे ठेवतील त्याला हात लावायच्या आधी तुला हवं ते विचार. रस्त्याचं विचार, हॉस्पिटलचं विचार, बाळंतपणाला पोरगी कुठे राहणार ते विचार. अमीचंद खोटं बोलत नाही, त्याच्या भावालाच खाटेवरून नेलं होतं. शेरिलने भात आणि काहीतरी मासळी करावी, फार तिखट नको. सुकट मी आणते.

हो, मी पण येणार आहे. फ्रेडीची गाडी पुढे, त्यांची मागे. मी तुझ्या बाजूला बसणार की त्यांच्या, ते मला विचारू नकोस. मी खुर्ची मधे ओढून बसेन आणि बोलणार नाही. तुला पटत नसेल, पण मी गप्प बसेन.

मी त्यांना विचारलं, नक्की ना? अमीचंदने बसची ड्युटी बदलून घेतली आहे, रतन भगतीनेही सुट्टी टाकली. ह्या वेळी दिवस त्यांनी स्वतः सांगितला आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. ७ डिसेंबर, आगमनकाळाचा दुसरा रविवार, तुमची मिस्सा सुटल्यावर.

आई